सोलारिस १०: मिरर केलेल्या रूट डिस्कचा टेप बॅकअप, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन सन फायर व्ही२४० सर्व्हर, त्यावर सनची युनिक्स सिस्टीम सोलारिस १०, ७३ जीबीच्या दोन डिस्क, रूट (सिस्टीमची मुख्य फाइल सिस्टीम) यूएफएसवर. त्यावर सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजरचा मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच मजकूर: वर डी० हा मिरर, खाली डी१० आणि डी२० हे त्याचे सबमिरर, प्रत्येक डिस्कवर एक. रविवारी पूर्ण डंप (सगळ्या फाइल सिस्टीमची प्रत), बाकी दिवशी रात्री वाढीव डंप (फक्त बदललेल्या फाइल), सगळं एलटीओ टेपवर. एफएसस्नॅप (फाइल सिस्टीमचा त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेणारी कमांड) आणि यूएफएसडंप (तो टेपवर उतरवणारी) ही जोडी सिस्टीमसोबतच येते. आठ महिन्यांनंतर मत पक्कं झालंय: या कामाला हीच योग्य, पण तिच्या दोन-तीन खोडी आधी माहीत हव्यात.

मिरर असताना बॅकअप कशाला, असं अजूनही विचारलं जातं. चुकून पुसलेली फाइल मिररमुळे दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.

एक सबमिरर मेटाडिटॅचने सुटा करून त्याचा डंप घ्यायचा, ही जुनी पद्धत रूटसाठी नाहीच. तिच्यात आधी लॉकएफएसने राइट लॉक (लिखाण थांबवणारं कुलूप) लावावा लागतो, आणि चालत्या रूटवर तो धरून ठेवणं परवडत नाही. डेटाच्या फाइल सिस्टीमला ती चालते, पण डंप संपेपर्यंत एकाच डिस्कवर भिस्त असते आणि परत जोडल्यावर सगळा सबमिरर पहिल्यापासून सिंक होतो.

एफएसस्नॅप राइट लॉक क्षणभरच लावतो. तरीही रूटवर तो कधी कधी लागतच नाही आणि स्नॅपशॉट नाकारला जातो. कारण बहुतेक वेळा एक्सएनटीपीडी (घड्याळ जुळवत राहणारी सेवा) असतं, ते रिअल-टाइम वर्गात चालतं. एसव्हीसीएडीएम डिसेबल -टी ने ते तात्पुरतं थांबवा, स्नॅपशॉट घ्या, लगेच चालू करा. स्क्रिप्टमध्ये या तीन ओळी हव्यातच.

बॅकिंग स्टोअरची फाइल रूटवर ठेवता येत नाही, फाइल सिस्टीम वेगळीच लागते. इथे ती /एक्सपोर्टवर आहे. डंप चालू असताना रूटवर जेवढे ब्लॉक बदलतील, त्यांची जुनी प्रत या फाइलमध्ये जाते. जागा संपली की स्नॅपशॉट नाहीसा होऊ शकतो आणि डंप अर्ध्यावर पडतो. मूळ रूटला धक्का लागत नाही. पॅच टाकताना बरेच ब्लॉक बदलतात, म्हणून त्या रात्री डंप लावू नये.

सर्वांत दुर्लक्षित पर्याय म्हणजे यूएफएसडंपचा मोठा एन. तो न देता स्नॅपशॉटचा डंप घेतला, तर कुठला डंप कधी घेतला ते नोंदणाऱ्या डंपडेट्स फाइलमध्ये /डेव्ह/आरएफएसस्नॅप/० अशी नोंद पडते, डी० ची नाही. मग वाढीव डंपचा हिशेब चुकतो. ०यूएफएन देऊन पुढे टेप, मग /डेव्ह/एमडी/आरडीस्क/डी०, शेवटी स्नॅपशॉट, हा क्रम पाळा. टेपचं नावही ०एन हवं. नुसतं ० दिलं तर प्रत्येक डंपनंतर टेप मागे गुंडाळली जाते, आणि /एक्सपोर्टचा डंप रूटच्या डंपवरच लिहिला जातो.

मेटाडीबीच्या (मिररची रचना आणि स्थिती नोंदणाऱ्या डेटाबेसच्या) प्रती दोन्ही डिस्कच्या सातव्या स्लाइसवर (डिस्कच्या भागावर) तीन-तीन आहेत. एक डिस्क गेली तर उरतात बरोबर निम्म्या. चालू मशीन चालत राहतं, पण रीबूट केलं की सिंगल युजरमध्ये अडकतं, कारण तिथे निम्म्याहून जास्त लागतात. मेलेल्या प्रती मेटाडीबी -डी ने काढल्या की सुटतं. एकच डिस्क गेली असेल तर टेपला हात लावायची गरज नाही. नवीन डिस्कवर पीआरटीव्हीटॉक आणि एफएमटीहार्डने तेच स्लाइस पाडा, सातव्या स्लाइसवर प्रती परत घाला, मग मेटारिप्लेस -ई.

टेपवरून आणायची वेळ आलीच, तर सीडीवरून सिंगल युजरमध्ये बूट करा. स्लाइसवर न्यूएफएस (नवी रिकामी फाइल सिस्टीम), /ए वर माउंट, तिथे यूएफएसरिस्टोअर आरव्हीएफ, त्याने मागे ठेवलेली रिस्टोअरसिमटेबल ही फाइल पुसा, मग इन्स्टॉलबूट (बूट ब्लॉक लिहायला). यानंतरची पायरी हमखास विसरली जाते. व्हीएफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डी० च्या जागी साधी स्लाइस लिहायची आणि ईटीसीतल्या सिस्टम फाइलमधली, रूट मिररवर आहे असं सांगणारी रूटडेव्हची ओळ काढायची. ती राहिली तर मशीन जुन्या मिररवरूनच उठतं, आणि त्याची एकच बाजू टेपवरून भरलेली असते. दोन बाजूंवर वेगळा मजकूर, वाचन आलटून पालटून दोन्हीकडून. फाइल सिस्टीम बिघडायला एवढं पुरतं. सीडीवरून एक बाजू माउंट करून एखादी फाइल दुरुस्त केली, तरी हेच होतं.

साध्या स्लाइसवरून उठल्यावर जुना मिरर मेटाक्लिअरने मोडा, नवा एकाच बाजूचा उभा करा, मेटारूट चालवा (तो या दोन्ही फाइलींत मिररची नोंद परत घालतो), रीबूट करा आणि मगच मेटाअटॅचने दुसरी बाजू जोडा. मेटास्टॅट सिंकची टक्केवारी दाखवत राहतो. ती पूर्ण होईपर्यंत पहिली डिस्क बाहेर काढू नका.