रोलेक्स सबमरीनर: अस्सल आणि नक्कल, काय पाहायचं?

उदाहरणाला सबमरीनर डेट १२६६१०एलएन हे घड्याळ घेऊ. २०२० साली आलेलं, ४१ मिमीचं मॉडेल.

सेकंदकाटा सरकत फिरतो म्हणून घड्याळ अस्सल, हा समज आधी सोडा. अस्सलमधलं ३२३५ क्रमांकाचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, म्हणून काटा सरकल्यासारखा दिसतो. चांगल्या नकलेतलं ऑटोमॅटिक मशीनही तेवढेच देतं. वजनावरूनही काही कळत नाही, नक्कलही भरीव स्टीलची असते.

खरा फरक तारखेत दिसतो. अस्सलमध्ये रात्री बाराला आकडा एका झटक्यात बदलतो. बऱ्याच नकलांत तो आधीपासूनच हळूहळू सरकू लागतो. काचेवरचं भिंग तारीख अडीचपट मोठी दाखवतं, नकलेत आकडा अनेकदा बारीकच राहतो. डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर सहाच्या जागी अनुक्रमांक कोरलेला असतो, तो वॉरंटी कार्डाशी जुळवा. पण कार्डही बनावट मिळतं, म्हणून जुनं घड्याळ घेताना जाणत्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून मशीन बघाच. त्याशिवाय पैसे देऊ नका.

पाण्याचं म्हणाल तर अस्सल ३०० मीटरपर्यंत टिकतं. नकलेवर तोच आकडा छापलेला असतो, पण रबरी वायसर नीट बसलेला नसला किंवा चावीचे आटे झिजले की काचेआड वाफ धरते आणि मशीन गंजतं. अस्सलला पाच वर्षांची वॉरंटी असते. नक्कल मात्र रोलेक्सचं सर्व्हिस सेंटर दुरुस्तीला घेत नाही.

बजेट कमी असेल तर सरळ सायको किंवा टिसो घ्या. निदान घड्याळ तरी खरं मिळेल.