पिसवा: फवारणी की थेंब आणि व्हॅक्यूम?

मांजरामुळे घरात पिसवा झाल्या, काय करू, असं धाकट्या जाऊबाईंनी विचारलं. आधी खात्री करा: मांजराच्या केसांतले काळे कण ओल्या कापसावर ठेवा, तांबूस डाग पसरला तर पिसवाच.

घरभर औषध फवारण्याचा खर्च एकदम, मांजराच्या मानेवर लावायच्या औषधी थेंबांचा दरमहा थोडाथोडा. कष्ट फवारणीत कमी, पण भांडी झाकून घराबाहेर बसायचं. टिकण्याचं मात्र उलटं. कोशातल्या पिसूपर्यंत फवारलेलं औषध पोचतच नाही. दोनेक आठवड्यांत नव्या निघतात नि आपण फवारणीवाल्याला शिव्या घालतो. व्हॅक्यूमच्या थरथरीने कोशातल्या पिसवा लवकर बाहेर पडतात, म्हणजे औषधाला सापडतात. कुत्र्याचे थेंब मांजराला लावू नका, त्यातल्या बऱ्याच थेंबांत असलेलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक तिच्या जिवावर बेततं.

एक मांजर, दोन खोल्या असतील तर मानेवर थेंब, रोज व्हॅक्यूम, अंथरूण कडक पाण्यात, तीन महिने. घरभर पिसवा चावून घोटे सुजत असतील तर फवारणी, पण थेंब तेव्हाही हवेतच.