मायनस साडेपाच, ढोल आणि कॉन्टॅक्ट लेन्स: नऊ महिन्यांचा अनुभव

पाचवीपासून चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. चष्म्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, ती सुरू झाली ढोल पथकात गेल्यावर. कमरेला ढोल बांधला की एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप, घामाने घसरणारा चष्मा वर करायला हात कुठून आणणार? दीड वर्षापूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर चष्मा खाली पडला आणि चिरडला गेला. पुढचा तासभर ध्वजाचा भगवा ठिपका तेवढा दिसत होता, त्याच्या अंदाजाने वाजवत राहिले. मागच्या जूनमध्ये, सराव सुरू व्हायच्या आधीच, लेन्स घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा चुकीच्या जागी गेले. घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात नंबर विचारला आणि त्याच नंबरच्या लेन्स काउंटरवर काढून ठेवल्या. डोळे तपासलेच नाहीत. दोन तासांत टोचायला लागल्या, तर म्हणे सवय होईल. मी त्या काढून ठेवल्या आणि नेत्रतज्ज्ञांकडे गेले.

तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणाऱ्या) ताईंनी बुबुळाचा बाक मशीनवर मोजला, डोळ्यांना कोरडेपणा आहे का ते पाहिलं, ट्रायल लेन्स लावून वीस मिनिटं बाहेर बसवलं. मग पुन्हा आत बोलावून, पापणी मिटल्या-उघडल्यावर लेन्स किती हलते ते पाहिलं. ती थोडी हललीच पाहिजे, घट्ट बसली तर तिच्याखाली अश्रू फिरत नाहीत. नंबरही बदलला. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते आणि लेन्स थेट डोळ्यावर, त्यामुळे माझे ५.५० लेन्ससाठी ५.२५ झाले. साधारण चारच्या पुढच्या नंबराला हा फरक धरावा लागतो. दुकानातल्या लेन्स का टोचल्या तेही इथेच कळलं: त्यांचा बाक माझ्या डोळ्याला जुळणारा नव्हता.

शेवटी बायोफिनिटी ब्रँडच्या घेतल्या, महिन्याच्या, बेस कर्व्ह म्हणजे लेन्सचा बाक ८.६, व्यास १४.० मिलिमीटर. मटेरियल सिलिकॉन हायड्रोजेल. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतूनच मिळतो, आणि साध्या हायड्रोजेलपेक्षा सिलिकॉन हायड्रोजेलमधून तो कितीतरी जास्त पोचतो. रोज आठ-दहा तास लेन्स घालणार असाल तर इथे पैसे वाचवू नका. आणि महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस. मधे दहा दिवस घातली नाही म्हणून दहा दिवस वाढत नाहीत.

लावायला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. बोटाच्या टोकावर लेन्स ठेवून आधी उजेडात धरायची. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर सुलटी, बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी. बोट कोरडं हवं, नाहीतर लेन्स डोळ्याऐवजी बोटालाच चिकटून राहते. मी बोट जवळ आणलं की पापणी मिटायची. ताई म्हणाल्या, "बोटाकडे बघू नका, आरशातल्या दुसऱ्या डोळ्याकडे बघा." तेवढ्याने जमलं. काढताना वर बघायचं, लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि दोन बोटांच्या पेरांनी हलकेच चिमटीत धरायची. नखं मी तेव्हापासून वाढवलेली नाहीत. पहिल्या दिवशी चारच तास घातल्या, मग रोज तास-दीड तास वाढवत गेले.

आता पाण्याचं सांगते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सुरुवातीचे दोन आठवडे मी लेन्सची डबी नळाखाली धुवायचे. स्वच्छतेसाठीच! फॉलोअपला ताईंनी ते ऐकलं आणि डबी तिथेच कचऱ्यात टाकली. नळाच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सच्या आधाराने डोळ्यात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात, कधी दृष्टीही जाते. पाणी फिल्टरचं असो की उकळलेलं, लेन्सला लावायचं नाही. अंघोळ, पोहणं लेन्स काढून. हात साबणाने धुवायचे आणि लेन्सला हात लावण्याआधी पूर्ण कोरडे करायचे. लेन्स सोल्युशनने तळहातावर चोळून धुवायची, डबीतलं जुनं सोल्युशन रोज ओतून द्यायचं, त्यातच नवीन भर घालायची नाही. माझ्या सोल्युशनची बाटली उघडल्यापासून ९० दिवस चालते. मी बाटलीवर मार्करने तारीख लिहिते आणि डबीही तेव्हाच बदलते.

विसर्जनाच्या दिवसासाठी डॉक्टरांनी एक दिवसाच्या, वापरून टाकायच्या लेन्स दिल्या. ताशे, घाम, गुलाल, सहा तास, आणि चष्म्याकडे एकदाही हात गेला नाही. पहिल्यांदाच समोरच्या रांगेतल्या मुलींचे चेहरे बघत वाजवलं. घरी आल्यावर आधी हात धुतले, लेन्स काढून टाकल्या, मग तोंड.

खरा फटका दिवाळीत बसला. रात्रीच्या बसने कोल्हापूरला निघाले आणि लेन्स न काढता झोप लागली. कराडच्या पुढे जाग आली तेव्हा डोळे कोरडे ठक्क. घाईत उजवी लेन्स ओढली, कळ आली. सकाळी उजेडाकडे बघवेना. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं, बुबुळावर ओरखडा. अँटिबायोटिक थेंब दिले. मी पट्टी मागितली, तर म्हणाल्या की लेन्समुळे झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधत नाहीत, तिच्याखाली जंतूंना ऊबच मिळते. आठवडाभर चष्मा. लेन्स अशी चिकटली तर लेन्ससाठीचे ओलाव्याचे थेंब घालून, ती हलायला लागेपर्यंत थांबायचं, हे तेव्हा कळलं. डोळा लाल, दुखरा किंवा अंधूक झाला तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी दाखवायचं, दुकानातून थेंब आणून वाट बघत बसू नये.

एका लग्नात मामेबहिणीने निळ्या लेन्स मैत्रिणीकडून घालायला आणल्या होत्या. मी घालू दिल्या नाहीत, आणि ती रुसली तरी पुन्हा तेच करेन.

आरामाचं विचाराल तर सकाळी लावल्यावर दहा मिनिटांत विसरायला होतं. ऑफिसच्या एसीत, स्क्रीनसमोर, पाचनंतर कोरडं वाटतं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे थेंब ड्रॉवरमध्ये असतात. काजळ लेन्स लावल्यावर, काढायचं लेन्स काढल्यावर. मिरच्या चिरायच्या असतील त्या दिवशी लेन्स आधीच काढते. नवा चष्माही करून घेतलाय, आठवड्यातून दोन दिवस तोच. या रंगपंचमीलाही तोच घालणार आहे.