एम१ प्रथिनाची अँटिबॉडी : सहा महिने वापरल्यानंतर

इन्फ्लुएंझा ए विषाणूच्या एम१ प्रथिनाविरुद्धची ही उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रथिनाचा एकच ठरावीक भाग ओळखून त्याला चिकटणारी) मी सहा महिने वापरते आहे. १०० मायक्रोलिटरची कुपी मिळते. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते पट्ट्याच्या, म्हणजे बँडच्या रूपात ओळखणं) किंवा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (पेशीतलं प्रथिन चमकत्या रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) हवी असेल तर डोळे झाकून घ्या. इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी (आयपी, म्हणजे अँटिबॉडीने एखादं प्रथिन त्याला धरून असलेल्यांसकट ओढून काढणं) घेणार असाल तर मात्र आधी खालचा अनुभव वाचा.

एच१एन१, एच३एन२ ही इन्फ्लुएंझा एच्या उपप्रकारांची नावं ज्या दोन प्रथिनांवरून पडली, ती विषाणूच्या बाहेर असतात आणि सतत बदलतात. एम१ असतं मेदाच्या आवरणाला आतून लागून. २५२ अमिनो आम्लांचं हे छोटंसं प्रथिन, पण एका कणात त्याच्या तीनेक हजार प्रती, म्हणजे विषाणूत सगळ्यात जास्त हेच. एका बाजूने ते आवरण धरून ठेवतं, दुसऱ्या बाजूने आरएनएच्या आठ तुकड्यांना. विषाणू पेशीत शिरला की एम२ या मार्गिकेतून प्रोटॉन आत येतात, आम्लता वाढते, एम१ची पकड सुटते आणि मगच ते तुकडे केंद्रकाकडे निघतात. इतकी कामं करणारं प्रथिन फारसं बदलत नाही. म्हणूनच माझ्याकडच्या एच१एन१ आणि एच३एन२ या दोन्ही स्ट्रेनवर हीच एक कुपी चालली.

ब्लॉटवर २८ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) जरा खाली एकच ठसठशीत बँड येतो. माहितीपत्रकात १:१००० इतकी पातळ करायला लिहिलंय. मी १:५००० वर आले तरी बँड तसाच, उलट मागचा करडेपणा गेला. संसर्ग न केलेल्या एमडीसीके पेशींच्या (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) लेनमध्ये काही नाही, अगदी कोरी.

पण मला ही अँटिबॉडी खरी आवडली ती सूक्ष्मदर्शकाखाली. दर दोन तासांनी एक अशा काचा फिक्स केल्या होत्या. चौथ्या तासाला जेमतेम धूसर खूण, कारण हे उशिरा बनणारं प्रथिन. सहाव्या तासाला केंद्रकं उजळली. तिथेच एम१ नव्या आरएनए-तुकड्यांना चिकटतं आणि त्यांना बाहेर काढण्याच्या कामात सामील होतं. बाराव्या तासाला रंग पेशीभर पसरून कडेला दाटलेला, जिथून नवे कण बाहेर पडतात. प्रथिनाचा सगळा प्रवास ओळीने मांडलेल्या पाच काचांवर दिसला. त्या संध्याकाळी घरी जायचं सुचेना. आणखी एक काच डिटर्जंट न लावता, म्हणजे पेशीच्या आवरणाला भोकं न पाडता ठेवा. एम१ आतलं असल्यामुळे तिथे रंग येता कामा नये. माझ्याकडे आला नाही.

आता तक्रार. माझ्या पेशीतलं एक प्रथिन एम१ला धरतं का, हे बघायचं होतं. ते ज्या अँटिबॉडीने ओढून काढलं तीही उंदराचीच होती. ब्लॉटवर २५च्या आसपास जाड बँड आला आणि आठवडाभर मी तो एम१ समजून पुढचे प्रयोग आखत बसले. संसर्ग नसलेल्या नमुन्यातही तोच बँड दिसला तेव्हा उलगडा झाला: ती ओढायला वापरलेल्या अँटिबॉडीचीच लाइट चेन (तिचा छोटा घटक) होती, साधारण २५ किलोडाल्टनची. चूक माझीही, तो कंट्रोल पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. पण पत्रकात 'आयपीसाठी योग्य' असं लिहिणाऱ्याने एक ओळ याबद्दलही लिहायला हवी होती. आता मी ओढण्यासाठी सशाची अँटिबॉडी घेते आणि ब्लॉटवर पहिलीला चिकटून बँड दाखवणारी दुय्यम अँटिबॉडी अशी, जी फक्त उंदराची अँटिबॉडी ओळखते. बँड स्वच्छ येतो.

दुसरी गोष्ट, कुपीवर नुसतं 'इन्फ्लुएंझा एम१' छापलंय. बी प्रकाराचं एम१ वेगळं असतं, त्याच्यावर हिने काहीच दाखवलं नाही. कुपीवर 'ए' हे एक अक्षर वाढवलं असतं तर आमच्यातल्या एका नव्या विद्यार्थिनीचे दोन ब्लॉट वाचले असते.

आल्या आल्या दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. चार-पाच वेळा गोठवून वितळवलेल्या भागाने माझ्याकडे निम्माच सिग्नल दिला. दुसरी कुपी मागवली आहे, ब्लॉट आणि काचांसाठी.