पाच तारांचा बँजो: दिवाळीपासून आतापर्यंत वाजवून झाल्यावरचा अनुभव

दिवाळीत घेतला आणि आता पावसाळा लागला, म्हणजे नागपूरची थंडी, मे महिना आणि दमट हवा हे तिन्ही मौसम या वाद्याने माझ्याकडे पाहिले, म्हणून आता लिहून राहिलो. आधीच सांगतो, मला हे वाद्य मनापासून आवडलंय आणि नवीन माणसाला मी घ्याच म्हणेन, फक्त सुरुवातीचे काही महिने डाव्या हाताचा विचारच करू नका. बँजोचं सगळं काम उजव्या हातात आहे. गिटारकडून येणारे लोक कॉर्डचे चार्ट पाठ करत बसतात आणि मग म्हणतात यात काही मजा नाही. मजा उजव्या हातात आहे, तो तयार झाला की डावा आपोआप मागे येतो.

आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बँजो, म्हणजे बुलबुल तरंग, हा तो नाही. नागपुरात बर्डीवरच्या बाजारात दुकानात विचारलं की बहुतेक तोच समोर ठेवतात. मी म्हणतोय तो अमेरिकन, गोल ढोलकं, त्यावर ताणलेलं प्लॅस्टिकचं हेड, लांब मान आणि पाच तारा. त्याची मुळं आफ्रिकेत आहेत, गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी हे वाद्य तिकडे पुन्हा बनवलं, आणि वाजवताना ते जाणवतं कारण तार छेडली की खाली चक्क ड्रम वाजत असतो. घेताना एक बघा, पाचव्या तारेची खुंटी मानेच्या बाजूला, पाचव्या पडद्यापाशी (पडदा म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी, फ्रेट) असली पाहिजे. चार तारांचा टेनर आणि सहा तारांचा गिटारसारखा असेही मिळतात, तेही चांगले, पण त्यांचं तंत्र वेगळं आहे.

आता ट्यूनिंग, कारण माझं डोकं इथं उघडलं. ओपन जी म्हणतात त्याला. जी म्हणजे आपली पेटीवरची पांढरी पाच, ती सा धरली तर चौथी तार मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, आणि ती आखूड पाचवी तार म्हणजे तार सप्तकातला सा, जो अंगठ्याखाली सतत वाजत राहतो. सतारीच्या चिकारीचं काम ती तार करते! ज्याने लहानपणी थोडी पेटी शिकली असेल त्याला हे कळल्यावर कोणताही चार्ट लागत नाही. तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर दाबली की रे, पहिली तार दुसऱ्या पडद्यावर दाबली की ध, बाकी सा ग प मोकळ्या तारांवर आहेतच, म्हणजे अख्खा भूप राग पहिल्या दोन पडद्यांत बसतो. इंग्रजी व्हिडिओंत हे कोणी सांगणार नाही, तिथं त्यांची गाणी त्यांच्या पद्धतीने शिकवतात आणि तेही शिकायलाच पाहिजे, पण घरात ऐकलेली चाल या वाद्यावर निघाली की जो हुरूप येतो तो वेगळाच.

उजव्या हाताचं म्हणाल तर तीन बोटं, अंगठा, तर्जनी आणि मधलं, अंगठ्याला प्लॅस्टिकचा पिक, म्हणजे बोटात घालायची नखी, आणि बाकी दोघांना धातूचे, आणि धातूचा पिक बोटाच्या गादीच्या बाजूला येतो, नखाच्या बाजूला नाही. करंगळी हेडवर हलकी टेकवून ठेवायची म्हणजे हात स्थिर राहतो. ही तीन बोटांची पद्धत अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्जने १९४५ मध्ये बिल मन्रोच्या बँडमध्ये आल्यावर सगळीकडे पोचवली आणि आजही नवशिक्याला त्याचेच रोल देतात. रोल म्हणजे बोटांचा ठरलेला क्रम, आठ ठोक्यांचा. सगळ्यात सोपा, तार ३, २, ५, १ आणि मग ४, २, ५, १, अंगठा एकाआड एक येत राहतो. दुसरा फॉरवर्ड रोल, अंगठा-तर्जनी-मधलं, परत अंगठा-तर्जनी-मधलं, आणि मग अंगठा-मधलं, म्हणजे तीन, तीन आणि दोन असे आठ. मी मेट्रोनोम बाजूला ठेवून तबल्याच्या ॲपवर केरवा लावला, एका मात्रेला एक तार, अगदी सावकाश, आणि खरं सांगतो, आठ मात्रांत तीन-तीन-दोन कुठं पडतात हे कानाला कळलं तेव्हापासून हात सुटला. वेग मागून येतो. घाईनं वाजवलेला रोल सगळा गिचमिड होतो आणि बँजोत ते झाकत नाही कारण प्रत्येक तार स्वच्छ टणकन वाजते आणि लगेच विझते.

पिक नको असतील तर क्लॉहॅमर आहे, नखाने तार खाली मारायची आणि अंगठा पाचव्या तारेवर. आवाज मऊ, गाण्याच्या मागे सुंदर. मी सध्या तेही थोडं करतो पण दोन्ही एकदम सुरू करू नका.

सेटअपवर मात्र थांबून वाचा, कारण पंचवीस हजारांच्या आतला कोणत्याही कंपनीचा बँजो चांगला की वाईट हे बरंचसं यावर ठरतं. बॉक्समधून येतो तेव्हा ब्रिज, म्हणजे हेडवर तारांखाली येणारा लाकडी तुकडा, उभा नसतो, तो चिकटवलेला नसतोच, फक्त तारांच्या दाबावर उभा राहतो. नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर तेवढंच तिथून ब्रिजपर्यंत ठेवायचं, मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून स्वर ऐकायचा आणि तीच तार तिथे दाबून ऐकायचा, दाबलेला चढा लागला तर ब्रिज किंचित मागे, टेलपीसकडे, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात तिकडे. हेड ढिलं असतं म्हणून आवाज बद्द येतो, हेडभोवतीचे हुक समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळायचे, एका बाजूने जोर लावला तर हेड फाटू शकतं. तारा बदलताना एकेक बदला, सगळ्या काढल्या तर ब्रिज पडतो. हे सगळं करून झाल्यावर तोच बँजो मला दुप्पट किमतीचा वाटला.

नागपूरच्या हवेचं. मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत कूलरची ओल, तबल्याच्या चामड्याचं काय होतं ते माहीत आहे, पण हे हेड मायलारचं, म्हणजे प्लॅस्टिकचं असल्यामुळे ओलीचा त्याला फारसा फरक पडत नाही. त्रास होतो तो तारांना, गंज फार लवकर धरतात, म्हणून वाजवून झालं की सुती कपड्याने पुसा आणि कूलरच्या झोतात स्टँडवर ठेवू नका. बँजोच्या तारा इथं सहज मिळत नाहीत, ऑनलाइन दोन सेट मागवून ठेवा. पहिली किंवा पाचवी तुटली आणि सेट नसला तर इलेक्ट्रिक गिटारची नऊ किंवा दहा नंबरची साधी तार घ्या, टोकाचा पितळी मणी पकडीने फोडून काढला की लूप उरतो, काम चालतं.

आवाज खूप आहे बरं. फ्लॅटमध्ये, त्यात उन्हाळ्यातल्या दुपारी, शेजाऱ्यांचा विचार करावाच लागतो. मागचा लाकडी रेझोनेटर, म्हणजे मागचं झाकण, काढून ठेवायचा आणि हेड आणि आतल्या रॉडच्या मधे जुनं बनियन कोंबायचं, आवाज निम्म्यावर येतो आणि टोनही छान गोल होतो, मला तर तो जास्तच आवडतो. खालच्या मजल्यावरचे काका आता स्वतःहून विचारतात, "काय भाऊ, आज नाही वाजवून राहिला?"

आणि हे वाद्य आपल्या संगीतात बसतं का असं विचारणाऱ्यांनी अमेरिकन बँजोवादक बेला फ्लेकने झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि एडगर मेयर यांच्यासोबत केलेलं काम ऐका, २०२४ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. माझं काम घरापुरतंच आहे. आईच्या भजनी मंडळाची पट्टी काळी चार, त्यासाठी पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावतो आणि पाचवी तार खुंटीने अर्धा स्वर चढवतो, कारण कॅपो फक्त चार तारा धरतो, पाचवीला तो पोचतच नाही. याच्याहून वरची पट्टी लागली तर पाचवी तार किती चढवायची, तुटायची भीती असते, त्यासाठी सातव्या आणि नवव्या पडद्यापाशी बारीक खिळे ठोकून घेतात, तार त्याखाली अडकवायची. ते काम मात्र गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या, मानेवर घरी हातोडी चालवू नका.