आठ महिन्यांनंतर: स्कूबा इन्स्ट्रक्टर कोर्स आणि बरोबरची माणसं

ऑक्टोबरात अंदमानला गेलो, मे अखेरीस परतलो. हॅवलॉकवर (कागदोपत्री आता स्वराज द्वीप) पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डाइव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी), मग इन्स्ट्रक्टर कोर्स, परीक्षा आणि शेवटचे दोन महिने प्रत्यक्ष शिकवणं, एवढं पदरात पडलं. अभ्यासक्रमाची माहिती कुठेही मिळेल. पैसे भरण्याआधी मला कोणी सांगितलं नाही ते हे, की इथे पोहण्यापेक्षा स्वभावाचा कस जास्त लागतो.

आम्ही सहा जण होतो. पहिल्याच संध्याकाळी बंगळुरूच्या एका आयटीवालीने सगळ्यांकडून ती 16 प्रकारांची, चार अक्षरी व्यक्तिमत्त्व चाचणी करून घेतली. जे बोलके आणि पुढाकार घेणारे निघाले, तेच पुढे चांगले इन्स्ट्रक्टर होणार असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. मी अबोलांत. मालवणचा एक मुलगा होता, मासेमारीच्या घरातला, तोही अबोलांत.

सुरुवातीला ते खरंही वाटलं. दिल्लीचा जिम ट्रेनर 400 मीटर पोहण्यात सगळ्यांच्या पुढे, 800 मीटर स्नॉर्कलिंगमध्येही पुढे. चेष्टामस्करीत गटाला सांभाळून घेणाराही तोच.

मग साहित्य बदलण्याचा सराव आला. दोघांनी पाण्याखाली एकाच रेग्युलेटरवर (टाकीतली हवा तोंडाला देणारं साधन) आळीपाळीने श्वास घेत मास्क, फिन्स, टाकीसकट बीसीडी (टाकी अडकवलेलं, हवा भरता येणारं जाकीट) असं सगळं एकमेकांशी बदलायचं. प्रत्येकाने दोन श्वास घ्यायचे आणि रेग्युलेटर पुढे करायचा. माझा जोडीदार दिल्लीवाला. त्याने चार श्वास घेतले, नजर बीसीडीच्या बकलवर. मी तोंडातून बारीक बुडबुडे सोडत थांबलो, शेवटी त्याचं मनगट दाबलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हातातलं काम लवकर उरकायचं, एवढंच त्याला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जोडीला मालवणचा मुलगा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हात उचलायच्या आत रेग्युलेटर समोर. त्याच्या एका फिनचा पट्टा अर्धवट लोंबत होता, तो त्याने तसाच ठेवला होता, कारण माझी पाळी आली होती. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे बोलक्या माणसाचं हत्यारच जातं. तिथे उरते ती समोरच्याकडे बघायची सवय, आणि चाचणीच्या चार अक्षरांत ती कुठेच नव्हती.

पण अबोलपणाही सगळीकडे तारत नाही. त्याच मुलाचं किनाऱ्यावरचं ब्रीफिंग, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी द्यायच्या सूचना, तीन वाक्यांत संपायचं. परीक्षेत थिअरीचे पाच पेपर, पास व्हायला 75 टक्के, आणि भौतिकशास्त्र इंग्रजीतून. रात्री जेवणानंतर मी ते त्याला मराठीत समजावायचो: 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून वरून नेलेल्या फुग्याचा आकार निम्म्यावर. आयटीवाली त्याच्याकडून ब्रीफिंग मोठ्याने म्हणून घ्यायची. ती स्वतः सगळं स्लेटवर (पाण्याखाली वाचता येणारी पाटी) लिहून उतरायची आणि प्रवाह बदलला की गोंधळायची. तिथे तो तिला सांभाळायचा. परीक्षक पॅडीकडूनच येतो, आपल्याला शिकवणारा नसतो, त्यामुळे ओळखीचा उपयोग शून्य.

एक तक्रार आहे. मी ज्या केंद्रात होतो तिथे हंगामाच्या गर्दीत प्रशिक्षणार्थी म्हणजे फुकटचे हमाल. रिकामी ॲल्युमिनियमची टाकीसुद्धा 14 किलोच्या आसपास भरते, आणि काही दिवस तर टाक्या वाहण्यातच गेले. शिकवण्याचा सराव मागून घ्यावा लागला. किती खऱ्या विद्यार्थ्यांसोबत उतरायला मिळेल, हे आधी विचारा. परीक्षेची फी, वार्षिक सदस्यत्व आणि विमा यांचा खर्च वेगळा धरा.

एप्रिलमध्ये हॅवलॉकच्याच नीमो रीफला नाशिकच्या एक काकू माझ्या विद्यार्थिनी होत्या. मास्कमध्ये पाणी घ्यायचं म्हटलं की त्या ताडकन उभ्या राहायच्या. दिल्लीवाला तेव्हा माझा सहायक होता. तो सकाळभर कंबरभर पाण्यात त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून राहिला, काही न बोलता, त्यांच्या श्वासाबरोबर हात वरखाली करत. दुपारी त्यांनी मास्क स्वतः काढला आणि परत घातला. मला वाटतं स्वभाव नाही बदलला त्याचा, पण बघायची सवय लागली.

सध्या कोकणातला समुद्र बंद आहे. मालवणच्या त्या मुलाला तारकर्लीत काम मिळालंय. ऑक्टोबरात समुद्र उघडला की मी त्याच्याच बोटीवर जाणार आहे.