आर्चिबाल्डच्या निमित्ताने व्यक्तिचित्रण: दादरचा एक वर्ग

दादर पश्चिमेला रविवारी भरणाऱ्या व्यक्तिचित्रणाच्या या वर्गाचे वेगळेपण असे, की सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सचा, १९२१ साली सुरू झालेला, व्यक्तिचित्रांसाठीचा वार्षिक आर्चिबाल्ड पुरस्कार हाच त्याच्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. चित्रातील व्यक्तीने चित्रकारासमोर निदान एकदा तरी प्रत्यक्ष बसलेले असावे, हा त्या स्पर्धेचा नियम इथे काटेकोरपणे पाळला जातो. त्यामुळे मोबाइलमधल्या फोटोवरून चेहरा उतरवण्याची सवय सुटते आणि खालच्या पापणीच्या कडेलाही जाडी असते, तिच्यावर उजेडाची बारीक रेघ पडते, हे दिसू लागते.

सर्वांत रंगलेले सत्र विल्यम डोबेल यांनी रंगवलेल्या जोशुआ स्मिथ यांच्या चित्रावरचे. १९४३चा पुरस्कार मिळालेले हे चित्र व्यक्तिचित्र नसून व्यंगचित्र आहे, असा दावा करत दोन चित्रकार न्यायालयात गेले आणि हरले. साधर्म्य कुठवर ताणावे, यावर वर्गात चांगलीच जुंपली.

खटकते ते असे, की प्रोजेक्टरवर त्वचेचे रंग मातकट दिसतात (तैलरंगांच्या वर्गाला हे परवडणारे नाही), आणि जे. जे.मध्ये शिकलेल्या वासुदेव कामत यांनी पत्नीच्या चित्रासाठी २००६मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर पारितोषिक पटकावले असताना इथल्या परंपरेची बोळवण जेमतेम अर्ध्या तासात होते. शुल्कही माफक नाही. सराव असलेल्यांनी अवश्य नाव नोंदवावे. नवख्यांनी मात्र डोक्याची प्रमाणे आधी शिकून यावे, कारण ती इथे कोणी शिकवत नाही.